पिशवी तोलू नका, पसरून बघा

प्रश्न सोलापुरातल्या एका किराणा दुकानदाराचा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "माझ्या दुकानातून रोज दोनशेक पातळ पिशव्या जातात. एकीला पडतात चाळीस-पन्नास पैसे. कापडी पिशवी पंधरा रुपयांच्या खाली येत नाही. पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. फुंकर मारली तर उडणाऱ्या पिशवीनं असं काय नुकसान होतं? आणि कापडी पिशवी पर्यावरणाला उलट जास्त घातक असते असंही वाचलं. खरं काय?"

मालक, मी ३१ वर्षं शहरांच्या सफाईच्या कामात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त सोलापुरात. नाल्या, चेंबर, घंटागाड्या, कचरा डेपो, सगळीकडे हिंडलो. बंदी आहे म्हणून वापरू नका, एवढं सांगून मला मोकळं होता येईल. पण तुम्ही हिशेब विचारलाय, तर हिशेबच मांडतो.

आधी तुमच्याच गल्ल्यापासून. तुम्ही वापरता ती पिशवी बहुधा दहा बाय बारा इंचांची, वीस मायक्रॉनच्या आसपासची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा पिशवीचं वजन भरतं तीन ग्रॅमच्या आत-बाहेर. किलोत सव्वातीनशे ते साडेतीनशे बसतात. पंचेचाळीस पैसे धरले तर दोनशे पिशव्यांचे दिवसाला नव्वद रुपये. वर्षाचे होतात ३२,८५०. गिऱ्हाइकाला फुकट वाटते ती पिशवी तुमच्या गल्ल्यातून वर्षाला एवढे पैसे घेऊन जाते, आणि ते तुम्ही साखरेच्या, तुरीच्या डाळीच्या भावात कुठेतरी चिमूटचिमूट बसवलेलेच असणार. म्हणजे घरून पिशवी आणणारी बाईसुद्धा न आणणाऱ्याच्या पिशवीचे पैसे भरते. याकडे बाजारात कुणी फारसं बघत नाही.

आता वजन. वर्षाला तुमच्या दुकानातून जातात ७३,००० पिशव्या. तीन ग्रॅमनं सव्वादोन क्विंटलांच्या आत. तुम्ही म्हणाल, एवढंच? धान्याची चार-पाच पोती! पण त्याच पिशव्या न फाडता, नुसत्या जमिनीवर एकीशेजारी एक अंथरल्या तर जागा लागते ५६ गुंठे. एक एकर आणि वर सोळा गुंठे, एकट्या तुमच्या दुकानाच्या.

माझं सगळं म्हणणं या एका आकड्यात आहे. पिशवीचं नुकसान वजनात शोधलं तर सापडत नाही, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. ते पसाऱ्यात आहे. आणखी एक हिशेब करून बघा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. पाच माणसांचं घर धरलं आणि घरात रोज फक्त दोन पिशव्या येतात असं समजलं, तर दिवसाला पावणेचार लाखांहून जास्त पिशव्या होतात. वजन जेमतेम साडेअकराशे किलो, एका टेम्पोत मावेल इतकं. अंथरल्या तर सात एकरांहून जास्त. रोज. कचऱ्याचे आकडे टनांत मांडायची आमची सवय आहे, आणि टनांच्या तक्त्यात पिशवी कायम तळाला राहते. मीही कित्येक वर्षं तोच तक्ता भरत होतो.

हा पसारा पाण्याच्या वाटेत आला की काय होतं ते सांगतो. सोलापूरचा पाऊस वर्षाचा साधारण साडेपाचशे मिलिमीटर, पण तो रिमझिम वाटून पडत नाही. चार-दोन दणक्यांत येतो, तोही पुष्कळदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्या तासाभरात रस्त्यावरचं सगळं पाणी कडेच्या जाळ्यांतून खाली जायला हवं. जाळीवर एक पिशवी सपाट बसली की पाण्याच्या दाबानंच ती घट्ट चिकटते. तिच्यामागे पानं, माती, गुटख्याच्या पुड्या. पाणी अडलं म्हणजे वेग गेला, वेग गेला म्हणजे गाळ खाली बसला. पुढच्या वेळी पिशवी नसली तरी गाळ असतोच. नाल्यात उतरून फावडं घातलं की थर दिसतात: काळी माती, पिशवी, काळी माती, पिशवी. वाकळ शिवावी तसे. त्यात फावडं शिरत नाही, ते घसरतं. साधा गाळ एका दिवसात निघेल तिथं पिशव्यांच्या गाळाला दोन दिवस लागतात, आणि जेसीबीचं भाडं तासावर असतं.

जमिनीखालच्या ड्रेनेजमध्ये तर वेगळीच कथा. पिशवी वाहत जाऊन पंपापाशी पोचते आणि पंपाच्या पात्यांना गुंडाळते. मोटार जोर लावते, तापते, वाइंडिंग जळतं. पंप बंद म्हणजे मागचे चेंबर भरून घाण पाणी रस्त्यावर. माझ्या सुरुवातीच्या काळात अशा चेंबरमध्ये माणूस उतरायचा, हातानं पिशव्या ओढून काढायचा. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस असा उतरवण्यावर देशभर बंदी आली, आता जेटिंग मशीन, म्हणजे पाण्याचा जोराचा फवारा मारणारं यंत्र, लावायचं असतं. त्या मशीनचं डिझेल, पंपाची दुरुस्ती, नालेसफाईचं टेंडर हे सगळं तुमच्या-माझ्या घरपट्टीतून जातं. पिशवीच्या पंचेचाळीस पैशांत यातला एक पैसाही धरलेला नसतो.

डासांचं थोडक्यात सांगतो. डेंग्यूचा डास घाण नालीत अंडी घालत नाही, त्याला साचलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. गच्चीवर, बोळात, कुंपणाच्या आत पडलेल्या पिशवीच्या घडीत पावसाचं कपभर पाणी राहतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सोलापुरात नळ रोज येत नाही म्हणून घरोघरी पिंपं भरलेली असतातच, त्यात ही भर.

जनावरांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या ओळखीच्या एका गवळ्याची गाय सारखी फुगायची. दूध आटत चाललेलं, शेण थोडं-थोडं पडायचं, डावी बाजू ढोलासारखी. पशुवैद्यांनी डाव्या कुशीला चीर देऊन कोठीपोट उघडलं. आतून निघत गेल्या पिशव्या. एकेक सुटी येत नव्हती, पीळ पडून एकच दोरखंड झालेला, मध्ये दोऱ्या, एक चप्पलचा पट्टा. दोन घमेली भरली. पुढचं मी बघितलं नाही, बाहेर येऊन बसलो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. गाईच्या पोटाचे चार कप्पे. पहिल्या, म्हणजे कोठीपोटातून पुढं जायला अन्न बारीक व्हावं लागतं. चारा रवंथ करून बारीक होतो, प्लास्टिक होत नाही. म्हणून ते जन्मभर तिथंच राहतं आणि साठत जातं. चाऱ्याची जागा कमी होते, पोट भरल्यासारखं वाटतं आणि जनावर भरल्यापोटी उपाशी मरतं. गाय प्लास्टिक शौकानं खात नाही. आपण उरलेली भाजी-भाकरी पिशवीत घालून वर गाठ मारतो आणि कोपऱ्यावर ठेवतो. गाठ तिला सोडता येत नाही, वास तर येतो, मग ती पिशवीसकट गिळते. तेव्हा पिशवी टाकलीच तर निदान गाठ मारू नका, एवढं तरी गिऱ्हाइकांना सांगत जा. गवळ्याचं तुटलेलं दूध, ऑपरेशनचा खर्च, नाहीतर गेलेली गाय, हेही पिशवीच्याच खात्यात लिहायचे पैसे. फक्त ते लिहितं कोण?

आता तुम्ही विचाराल, भंगारवाले उचलत नाहीत का? नाही उचलत, आणि त्यांचं चूक नाही. कचरा वेचणाऱ्या बाईला पैसे किलोवर मिळतात. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या चाळीस-पन्नास वेचल्या की किलो होतो, आणि भाव बरा. तुमच्या पिशव्यांचा किलो करायला तिला सव्वातीनशे वेळा वाकावं लागेल, आणि त्या ओल्या, खरकट्या, मातीनं भरलेल्या. तेवढ्या वेळात ती बाटल्यांची गोणी भरते. दुधाची पिशवी जाड असते, धुऊन ठेवली तर विकली जाते, म्हणून दुधाच्या पिशव्या उकिरड्यावर मानानं कमी दिसतात. दिसतं ते तिचं कापलेलं टोक! कात्रीनं कोपरा पूर्ण कापून टाकू नये, नुसता चिरावा, लोंबता राहू द्यावा. झाडूवालीच्या खराट्याच्या काड्यांतून ते टिकलीएवढं टोक निसटतं आणि थेट नालीत जातं. हे विषयांतर झालं, पण कात्री हातात घेताना आठवलं तर बरं.

ओला कचरा पिशवीत बांधून घंटागाडीत टाकला की खराबी आणखी पुढं जाते. तुळजापूर रस्त्याच्या डेपोवर ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करायचा प्रकल्प उभारला गेला. असा प्रकल्प कुठलाही घ्या, आधी कचरा फोडून निवडावा लागतो. पिशव्या कापायच्या यंत्राच्या दांड्याला गुंडाळतात, टाकीत गेल्या तर वर तरंगून साय धरल्यासारखा थर करतात. खत केलं तर त्यात रंगीत चिटोऱ्या उरतात, आणि शेतकरी ते खत हातात घेऊन बघतो आणि परत ठेवतो. उन्हानं पिशवी कुजते असं पुष्कळांना वाटतं. आपल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ती कडक होऊन तुकडे पडतात, इतकंच. तुकड्यांचे तुकडे होतात आणि ते मातीत आणि पाण्यात जातात. पेटवून दिली तर काजळी आणि विषारी धूर, आणि थंडीत सकाळी शेकोटी करणारी पोरं नेमकी तिच्याजवळ बसतात.

आता कापडी पिशवीचा मुद्दा. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचा अभ्यास २०११ मध्ये आला. त्यात हवामानावरच्या परिणामापुरतं बघितलं तर नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर ती एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते, असं निघालं. कागदी पिशवीला तीन वेळा. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात पाणी, ओझोन असे सगळे निकष लावून सुती पिशवीला ७,१०० वेळा आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला २०,००० वेळा असे आकडे आले. बातम्यांत हेच फिरतात. त्याच अभ्यासात फक्त हवामानाचा निकष घेतला तर सुती पिशवीचा आकडा ५२ आहे. तो फिरत नाही.

पण या अभ्यासांत उघड्यावर पडलेल्या पिशवीचा हिशेब नाही. डेन्मार्कमध्ये पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात जाते आणि तिथून भट्टीत जाऊन तिची वीज होते. आमची पिशवी जाळीवर बसते, नाहीतर गाईच्या पोटात. माझ्या ५६ गुंठ्यांना त्या गणितात जागाच नाही. कारखान्यापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंतचा हिशेब त्यांचा बरोबर आहे, डब्याबाहेर पडलेल्या पिशवीचा माझा.

तरीही त्यातून शिकायचं ते शिकलं पाहिजे. सुती पिशवीचा खरा बोजा कापूस पिकवण्यात आणि कापड करण्यात आहे: पाणी, खत, रंग, वीज. म्हणून समारंभात नवीकोरी छापील कापडी पिशवी वाटणं, जी घरी जाऊन कपाटात बाकीच्या अकरा पिशव्यांवर पडते, हे पर्यावरणाचं काम मी तरी मानत नाही. सोलापूरला याची गरजही नाही. इथं चादरी आणि टॉवेल विणले जातात, गणवेश शिवायचा मोठा धंदा आहे. कापडाच्या गावात पिशवीसाठी नवं कापड कशाला घ्यायचं? गणवेशाच्या कारखान्यातली कात्रणं, डागी निघालेला कापडाचा तुकडा, घरची विटलेली चादर. त्या कापडाचा कापूस आधीच पिकून झालाय, त्याचं पाणी आधीच खर्च झालंय. अशा पिशवीला १३१ चं गणित लागत नाही. पूर्व भागात घरोघरी शिलाई मशीन आहे, विड्या वळता वळता शिवणकाम करणाऱ्या बायका आहेत. कात्रण तुम्ही दिलं तर एका पिशवीची शिलाई काय पडते ते तिथं जाऊन विचारा, पंधरा रुपये हा आकडा मग पुन्हा बोलू. आणि नवी सुती पिशवी घ्यायचीच झाली, तर आठवड्यातून दोन बाजार धरले तरी १३१ खेपा सव्वा वर्षात होतात. आमच्या घरातली मंडईची पिशवी माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नाआधीची आहे. नातू आता शाळेत जातो.

एक फसवणूक सांभाळा. बाजारात "कापडी" म्हणून मिळणारी, खडबडीत, रंगीत, कडेनं मशीननं चिकटवलेली पिशवी कापडाची नसते. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. ओळखायची रीत सोपी: धागा काढून पेटवा. सूत जळताना कागद जळाल्याचा वास येतो आणि राख होते. प्लास्टिक वितळतं आणि गार झाल्यावर टणक मणी उरतो. अशी पिशवी जाड असेल आणि पुन्हा पुन्हा वापरली तर एकवेळ चालेल, पण पातळ घेऊन एकदा वापरून टाकली तर नालीत ती पहिलीसारखीच वागते. "विरघळणारी" पिशवीही तशीच. ती कंपोस्ट व्हायला कारखान्यातली ऊब लागते. चेंबरमध्ये तिला आपण वेगळी आहोत हे ठाऊक नसतं.

कायद्याचं एकदा नीट सांगतो, कारण घाऊक विक्रेते दुकानदारांना गोंधळात टाकतात. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, त्यानंतर २००६ मध्ये राज्यानं ५० मायक्रॉनच्या आतल्या पिशव्या बंद केल्या. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात हँडलच्या आणि बिनहँडलच्या, जाड-पातळ सगळ्याच प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि त्याच वर्षी २३ जूनपासून दंड सुरू झाले: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राचा नियम वेगळा आहे. त्यात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट आहे. पिशवीवर "१२० मायक्रॉन" छापलेलं दाखवून कुणी म्हणालं की ही चालते, तर दंड भरायला तो येणार नाही.

जाडीच्या नियमाबद्दल माझं स्वतःचं मत जरा वेगळं आहे. तुमचीच पिशवी १२० मायक्रॉनची केली तर तिचं वजन सहापट होतं, साधारण सतरा-अठरा ग्रॅम. म्हणजे पिशव्यांची संख्या सहाव्या हिश्श्यावर आली नाही, तर प्लास्टिक वाढलंच. फायदा एवढाच की ती महाग पडते म्हणून दुकानदार फुकट वाटत नाही, आणि जड असते म्हणून वेचणारी बाई उचलते. जाडी वाढवून पिशवी सुधारत नाही, तिचा भाव दिसायला लागतो.

आणि गिऱ्हाईक? तुमची खरी भीती ती आहे, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. आयर्लंडनं २००२ मध्ये पिशवीवर १५ सेंट लावले. थोड्याच काळात पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. १५ सेंटांनी तिथं कुणी भिकेला लागलं नाही. घडलं एवढंच की गल्ल्यावर "पिशवी हवी का?" हा प्रश्न आला, आणि प्रश्न आला की माणूस विचार करतो. आपल्याकडे पिशवी न विचारता येते. कोथिंबिरीच्या एका जुडीला एक, पाच रुपयांच्या लिंबांना दुसरी, आणि दोन्ही घालायला तिसरी.

तुमच्यासारख्याच एका दुकानात मी पाहिलेली पद्धत सांगतो. त्यानं कात्रणाच्या शंभर पिशव्या शिवून घेतल्या. वीस रुपये अनामत ठेवायची, पिशवी परत आली की वीस रुपये परत. सुरुवातीचे दोन आठवडे कुरकुर झाली, आणि खरं सांगायचं तर काही गिऱ्हाइकं तुटली. बहुतेक येणारीजाणारी होती. महिन्याचं सामान भरणारी कुणी गेली नाहीत, त्यांची तर उधारी चालू होती! काही पिशव्या परत आल्याच नाहीत, पण त्यांचे वीस रुपये गल्ल्यात राहिले. साखर, रवा, शेंगदाणे सुटे द्यायला त्यानं खाकी कागदाच्या पुड्या आणि दोरा काढला. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. तेलाला बरणी आणायची सवय जुन्या लोकांना अजून आहे, फक्त आठवण करून द्यावी लागते. गल्लीतले चार दुकानदार एकाच तारखेपासून सुरू करू शकलात, तर गिऱ्हाइकाला पलीकडे जाऊन उपयोगच राहत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या तोंडावर सुरुवात करू नका, गर्दीत नवी पद्धत टिकत नाही. पावसाळा संपला की करा.

गोदामात शिल्लक असलेला माल "एवढा संपवतो आणि मग बंद करतो" असं म्हणून वाटत बसू नका. तो संपायच्या आत नवा येतो, हे मी पुष्कळ दुकानांत पाहिलंय. आणि घरात, दुकानात आधीच साठलेल्या पिशव्या? झटकून, वाळवून एका मोठ्या गोणीत दाबून भरा. सुटी पिशवी कुणी उचलत नाही, पण दहा किलोची कोरडी, स्वच्छ गोणी असली तर तिच्यासाठी भंगारवाल्याशी बोलता येतं. भाव फार मिळणार नाही. पैसे मागू नका, नुसतं घेऊन जा म्हणा.